सांगायचा आकडा

आमच्या बिल्डिंगमध्ये तिला सगळे सिस्टर म्हणायचे. सगळे म्हणजे अगदी सगळे. दूधवाला, दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, जिन्यात खेळणारी पोरं आणि तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे सासरेसुद्धा. सासूबाई त्यांना चिडवायच्या, "अहो, तुमची बहीणच आहे ती. निदान तुम्ही तरी नावानं हाक मारा." सासरे म्हणायचे, "नावानं हाक मारली तर ती ओ देत नाही. सिस्टर म्हटलं की देते. मी काय करू?"

ती माझ्या नवऱ्याची आत्या. उभा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात गेला. लग्न केलं नाही. "एवढी पोरं या हातांवर आली, आणखी कशाला हवीत," असं म्हणून हसायची. निवृत्त झाल्यावर आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायला आली आणि दुसऱ्याच दिवसापासून तिच्या दारात माणसं यायला लागली. कुणाला इंजेक्शन टोचून हवं, कुणाला जखम धुऊन हवी, आणि निम्म्यांना नुसतं बीपी बघून हवं. खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच जणांना बीपीबिपी काही नव्हतं. सिस्टरनं हात हातात घ्यावा, पट्टा बांधावा आणि "छान आहे हो, काही झालेलं नाही तुम्हाला" म्हणावं, एवढ्यासाठी ती मंडळी जिना उतरून यायची.

आणि ती म्हणायचीही अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता यमदूत जरी आला तरी तिला विचारून आत येईल. उंच, सरळ पाठ, केसांचा घट्ट अंबाडा, अंगाला साबणाचा वास. छातीवर लावायची ती नळीची चकती नेहमी थंडगार असते ना? सिस्टर ती आधी स्वतःच्या तळहातावर घासून गरम करायची आणि मग टेकवायची. मी कितीतरी डॉक्टर पाहिले, असं करणारं दुसरं माणूस पाहिलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, ही बाई वाईट होती. वाईट असती तर बरं झालं असतं, मी दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळे मला दिवस गेल्यावर "आता काय करायचं" हे विचारायला माझं असं कोणी नव्हतं. सासूबाई चांगल्या, पण त्यांना स्वतःचीच बाळंतपणं आठवून घाम फुटायचा. मी आपली सिस्टरकडे जायचे. तिच्या पलंगावर पाय वर घेऊन बसायचे आणि वाट्टेल ते विचारायचे. बाळ उचकी देतं का, डाव्या कुशीवरच झोपायचं का, पोटावर ही रेघ कसली. तिनं कधी वैताग केला नाही. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही नसता तर मी काय केलं असतं हो?" तर म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं तरी डोकं खाल्लं असतंस."

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम. मागच्या खोलीत माझं मशीन, पुढे काउंटरवर मालक. आमचे मालक म्हणजे एक नमुनाच. गिऱ्हाइकानं आरशात बघून विचारावं, "कशी दिसते ही फ्रेम?" आणि मालकांनी सांगावं, "तुमचं नाक मोठं आहे, त्यात ही आणखी मोठं दाखवते." नवीन लग्न झालेल्या पोरीला एकदा म्हणाले होते, "हा चष्मा घालून तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीसारख्या दिसता." मी आतून खिदळायचे. वाटायचं, हा माणूस धंदा बुडवणार. पण दुकान काही बुडेना. त्यांनी एखाद्याला "बरी दिसतेय" म्हटलं, की तो माणूस दुसरा आरसा न बघता पैसे काढायचा.

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "नंबर वाढला का हो?" आणि विचारताना तोंड असं करतो, की आपल्याला "नाही" म्हणावंसं वाटतं. पण म्हणून चालतं का? वाढलेला नंबर मी काचेत कमी घातला, तर तो बिचारा जिन्यावरून गडगडत जाईल.

सातवा सरला आणि तपासणीत माझं बीपी जरासं वर गेलेलं दिसलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, भराभर बोलणारी. म्हणाली, "घाबरण्यासारखं नाही, पण लक्ष ठेवायला हवं. घरी कोणी रोज बघणारं आहे का?" मी म्हटलं, "आहे ना! आमच्या सिस्टर आहेत. जन्मभर वॉर्डात काम केलंय त्यांनी." डॉक्टरीणबाईलाही हायसं वाटलेलं मला दिसलं. माझी तर मान ताठ झाली.

मग रोज संध्याकाळी, मी दुकानातून आले की सिस्टर वर यायची. तिचं मशीन जुन्या पद्धतीचं, पाऱ्याचं. पत्र्याची पेटी उघडली की झाकणाला उभी काचेची नळी आणि तिच्यात पारा. ती पेटी टेबलावर अशी ठेवायची की झाकणाची पाठ माझ्याकडे यायची. मी त्या हिरव्या पत्र्याकडे बघत बसायचे. पट्टा बांधायची, फुगा दाबायची, कानात नळ्या घालून डोळे बारीक करायची. सगळे गप्प. मग फुस्स करून हवा सोडायची आणि म्हणायची, "एकशेवीस-ऐंशी. राणीसारखं आहे." माझा दिवसभराचा शीण जायचा.

एक गोष्ट तिनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. हसत हसत सांगितली होती, म्हणून जास्त लागतं. म्हणाली, "वॉर्डात आमचे दोन आकडे असायचे. एक खरा आणि एक सांगायचा. खरा आकडा पाटीवर लिहून पलंगाच्या पायथ्याशी उलटा लटकवायचा, तो डॉक्टरांचा. आणि बाईला सांगायचा तो वेगळा. तिला खरा सांगितला, तर धसक्यानं आणखी दहानं वाढायचा. सांगायचा आकडा ऐकून निम्म्या जणींचं बीपी आपोआप उतरायचं, तुला खोटं वाटेल." मला मुळीच खोटं वाटलं नाही. मी पोट धरून हसले. म्हटलं, "सिस्टर, तुम्ही म्हणजे ना, अगदी पक्क्या आहात." त्या वेळी माझ्या दंडाला पट्टा बांधलेला होता, आणि माझ्या डोक्यात एवढंसुद्धा आलं नाही की आता वॉर्डातली बाई मीच आहे.

आठवा संपत आला तशा घरात बारीकसारीक गोष्टी बदलल्या. जेवणाच्या टेबलावरचं मीठ नाहीसं झालं. मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना कमी करायला सांगितलंय, म्हणून सगळ्यांनीच." सासरे ताटाकडे बघून तोंड वाकडं करत जेवायचे. मी म्हटलं, "बाबा, तुमच्यामुळे आम्हाला शिक्षा हं!" ते नुसते हसले. नवरा पाण्याची बादली उचलू देईना. संध्याकाळी सिस्टरचं बघून झालं की तो तिची पेटी घेऊन तिला खाली सोडायला जायचा आणि बराच वेळ वर यायचा नाही. मला वाटायचं, किती जीव आहे याचा आत्यावर. आता आठवलं की डोक्यात तिडीक जाते. अख्खं घर माझ्या पाठीमागे माझ्या बीपीची काळजी घेत होतं, आणि मी एकटी विनोद करत होते.

पाय सुजले. चपलांत मावेनात. मग बोटातली अंगठी अडकली, साबण लावून काढावी लागली. सिस्टरला दाखवलं तर पोटरीवर अंगठा दाबून बघितला. खड्डा पडला तो बराच वेळ भरला नाही. ती त्या खड्ड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "या दिवसांत पाणी साठतंच गं. पाय वर ठेवून बस." मी बसले.

त्याच आठवड्यात तपासणीला गेले. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून एकटीच गेले. डॉक्टरीणबाईनं बीपी बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इथे जास्त येतंय. घरी किती असतं?"

"एकशेवीस-ऐंशी," मी म्हटलं. शाळेत पाढा म्हणावा तसं ठणकावून म्हटलं. "रोज तेवढंच. सिस्टर बघतात ना."

"इथे आलं की धास्तीनं वाढतं काही जणींचं," ती म्हणाली. मागच्या वेळची लघवीची तपासणी स्वच्छ होती. बाहेर बाकावर बायकांची रांग. तिनं मला पाच मिनिटं बसवून पुन्हा बघितलं, तरी जास्तच. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "नक्की ना? घरी नॉर्मल आहे?"

"अगदी नक्की. उलट तुमच्याच मशीनचं काहीतरी बिघडलं असेल," मी म्हटलं आणि आम्ही दोघी हसलो. "पुढच्या आठवड्यात या, आणि डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे काही दिसलं तर लगेच या," असं तिनं सांगितलं. मी हो म्हणून निघाले.

दोन दिवसांनी दुकानात एक काच घासत होते. काचेवर चमकता ठिपका दिसला. फडक्यानं पुसला. जाईना. द्रवाचा फवारा मारला, पुन्हा पुसला. ठिपक्याचे चार झाले. मला वाटलं, काचच खराब आली. दुसरी घेतली. तिच्यावरही तेच. मग वर बघितलं तर भिंतीवर, दिव्याच्या भोवती, मशीनवर, जिकडेतिकडे चांदण्या नाचत होत्या. सकाळपासून डोकं ठणकत होतंच. मी पुढे जाऊन म्हटलं, "मालक, आजच्या काचा बघता का जरा?"

मालकांनी काच नाही बघितली. माझ्याकडे बघितलं. "तोंड सुजलंय तुझं. काल इतकं नव्हतं. बस इथे."

त्यांना स्वतःला बीपी आहे, त्यामुळे काउंटरच्या खणात बटणाचं मशीन असतं. ते माझ्या दंडाला बांधलं. आकडे वर वर जात राहिले आणि थांबले. एकशेबहात्तर आणि एकशेबारा. मी म्हटलं, "हे बिघडलंय. माझं एकशेवीस-ऐंशी असतं." त्यांनी पट्टा सोडून स्वतःला बांधला. त्यांचं नेहमीइतकंच आलं. पुन्हा मला बांधला. पुन्हा तेच.

"मशीन बिघडलेलं नाही," मालक म्हणाले. "तू बिघडली आहेस. ऊठ." गिऱ्हाईक दारात उभं होतं, त्याला बाहेर काढून त्यांनी शटर खाली ओढलं.

इस्पितळात मला आडवं केलं तेव्हा डॉक्टरीणबाई धावतच आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "असं एकदम कसं चढलं? परवा तर घरी नॉर्मल होतं ना?"

मी मान हलवली. तेवढ्यात नवरा आला, धापा टाकत. त्याच्या कानावर शेवटचं वाक्य पडलं असावं.

"नाही हो डॉक्टर, घरी कुठलं नॉर्मल!" तो म्हणाला. "घरीसुद्धा पंधरा दिवस दीडशेच्या पुढेच आहे. आत्या सांगते ना मला रोज."

बोलून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"दीडशेच्या पुढे?" डॉक्टरीणबाईचा आवाज चढला. "आणि मला नाही सांगितलं कोणी?"

"आत्यानं फोन केला असेल की तुम्हाला. म्हणजे... मला वाटलं, केला असेल."

"मला कुणाचाही फोन आलेला नाही. मला यांनी सांगितलं." तिनं माझ्याकडे बोट केलं. "यांनी स्वतः. एकशेवीस-ऐंशी. मी दोनदा विचारलं."

मला त्या क्षणी भीती वाटली नाही, राग आला नाही, काहीच झालं नाही. कुणीतरी भर चौकात थोबाडीत मारावी आणि आपल्याला आधी फक्त आवाज ऐकू यावा, तसं झालं. मग हळूहळू कळायला लागलं. मीठ. बादली. पेटी घेऊन खाली जाणं. सासऱ्यांचं हसणं. वॉर्डात खरा आकडा डॉक्टरांकडे जायचा आणि खोटा बाईकडे. आमच्या घरात पाटी कुठे होती? खरा आकडा स्वयंपाकघरात जाऊन बसला, आणि खोटा मी, मी स्वतःच्या पायांनी डॉक्टरांकडे पोचवला. छाती पुढे काढून पोचवला. पोटात लेकरू घेऊन गेले आणि त्याच्या जिवावर उठलेलं खोटं माझ्याच तोंडानं बोलून आले.

सिस्टर आली तेव्हा मला शिरेतून कसलंतरी औषध चाललं होतं आणि अंगात वणवा पेटला होता. तिनं सवयीनं माझी नाडी बघायला हात पुढे केला. मी हात ओढून घेतला.

"काल किती होतं?" मी विचारलं.

"तू शांत पड बघू आधी."

"सिस्टर, काल किती होतं?"

ती खाली बघत म्हणाली, "एकशेअठ्ठावन्न. खालचं शंभर."

"मला काय सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर आणखी चढलं असतं पोरी. जन्मभर बघितलंय मी. आणि याला रोज सांगत होते ना! मला वाटलं, हा कळवतोय डॉक्टरांना."

"मी कशाला कळवू?" नवरा म्हणाला. "नर्स तू आहेस. मला वाटलं, तू बोलतेयस त्यांच्याशी. तू म्हणालीस, काळजी करू नको, माझं लक्ष आहे."

पलंगाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. मला वाटलं, मला वाटलं. मध्ये मी पडलेली, पोटावर पट्टा, बाळाचे ठोके धडधड ऐकू येताहेत, आणि हे दोघं कुणाला काय वाटलं ते ठरवताहेत. मी ओरडले, "केसानं गळा कापलात माझा! दोघांनी मिळून!" नर्सनं त्या दोघांना बाहेर काढलं आणि मला ऑपरेशनला आत नेलं. पूर्ण भूल दिली. शेवटी डोक्यात एकच होतं, पोटातलं हलत होतं का नाही सकाळपासून? मला आठवेना.

शुद्धीवर आले तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं. पोटावर हात नेला. रिकामं. नवरा उशाशी बसला होता. माझे डोळे उघडलेले बघून खाली वाकला आणि म्हणाला, "मुलगी झाली. छान आहे. काळजी करू नको, एकदम छान आहे."

तोच सिस्टरचा सूर. राणीसारखं आहे, म्हणणारा. मी समजले, माझी मुलगी गेली.

"कुठे आहे?"

"वेगळ्या खोलीत ठेवलीय. लहान आहे ना, म्हणून. रडलीसुद्धा मस्त."

"मला दाखवा."

"तुला अजून उठायचं नाही. हे बघ ना, फोटो काढलाय." त्यानं मोबाइल पुढे केला. काचेच्या पेटीत एक लालसर बाळ. त्या खोलीत अशी किती बाळं असतील. कुणाचंही असेल. मी तोंड फिरवलं.

सासूबाई आल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित झालं गं बाई." डोळे का पुसताहेत मग? नर्स आली, उशाशी लावलेल्या मशीनच्या पडद्याकडे बघून म्हणाली, "शांत पडा हो, बीपी वाढतंय तुमचं." मी विचारलं, "किती?" म्हणाली, "थोडंसं." मी कोपरावर उठायला लागले. "थोडंसं म्हणजे किती? मला वाचून दाखवा. पडदा इकडे फिरवा!" टाके ओढले गेले, कळ मस्तकात गेली, पण मी ओरडत राहिले. तिला वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. ज्यांच्यावर जीव टाकला त्यांनी गोड बोलून फसवलं, आता अनोळखी बाईवर कसा विश्वास ठेवू?

मग सिस्टर दारात आली. आत नाही आली. अंबाडा सुटायला आला होता, तिला असं मी कधी बघितलं नव्हतं. "पोरी," ती म्हणाली, "तुझ्या गळ्याची शपथ. मी आत्ता बघून आले. पोरगी जिवंत आहे."

"शपथ घेऊ नका," मी म्हटलं. "तुम्ही काही बोलूच नका. तुम्ही बोललात की मला उलटंच ऐकू येतं."

ज्या बाईच्या एका "छान आहे" साठी अख्खी बिल्डिंग जिना उतरून यायची, ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मला तिची दया आली नाही.

दुपारी मालक आले. दुकानात राहिलेली माझी पर्स आणि चपला पिशवीत घालून आणल्या होत्या. पिशवी खुर्चीवर ठेवली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "वाईट दिसतेयस."

मला रडू फुटलं. म्हटलं, "मालक, माझं एक काम करा. माझी मुलगी कुठे ठेवलीय म्हणतात, तिथे जाऊन बघा. आहे का ती. मला काय ते खरं सांगा."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, दारातल्या सिस्टरकडे बघितलं. आणि गेले. किती वेळ लागला देव जाणे, माझा जीव टांगणीला. परत आले ते चष्मा शर्टाला पुसत.

"फार लहान आहे," मालक म्हणाले. "दोन किलोसुद्धा नसेल. काचेतून बघू दिलं. नाकात नळी घातलीय. श्वास घेताना छाती आत ओढली जाते, ते मला काही बरं वाटलं नाही. तिथल्या बाईला विचारलं, ती म्हणाली, दोन-चार दिवस काहीच सांगता येणार नाही. नाक तुझ्यासारखं आहे, त्याला इलाज नाही."

"पण आहे?"

"आहे म्हणून तर सांगतोय ना एवढं! मी काचेवर टकटक केलं, तर तिनं पाय झाडला. ती बाई माझ्यावर खेकसली, म्हणाली, दुकान समजलात का हे?"

मी ओक्साबोक्शी रडले. पोटाचे टाके हातानं धरून रडले. दोन-चार दिवस काहीच सांगता येणार नाही, एवढी वाईट बातमी, आणि मला माझी मुलगी मिळाली. नर्सनं पडद्याकडे बघितलं आणि या खेपेला आपण होऊन आकडा वाचून दाखवला. उतरत होता. सिस्टर दारातून हे सगळं बघत होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि निघून गेली.

मुलगी जगली. पेटीतून बाहेर यायला वेळ लागला, पण जगली. घरी आल्यावर एके दिवशी सिस्टर पत्र्याची पेटी घेऊन वर आली. टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि काचेची नळी माझ्याकडे करून बसली. माझं बीपी अजून वर-खाली होत होतं, रोज बघायचं होतं. मी कपाटातून माझं स्वतःचं बटणाचं मशीन काढलं. म्हटलं, "तुम्ही त्रास घेऊ नका." तिनं झाकण लावलं. तेव्हापासून तिचं ते पाऱ्याचं मशीन मी बिल्डिंगमध्ये कुणाच्या दंडाला बांधलेलं बघितलं नाही. माणसं येतात, ती म्हणते, "डॉक्टरांकडे जा, मला आता नीट ऐकू येत नाही."

नवरा म्हणतो, आता सोड ना. त्याच्याशी मी संसार करतेय, हसतेही त्याच्या विनोदांना. पण त्यानं "काही नाही गं" म्हटलं, की मी हातातलं काम ठेवून विचारते, "काही नाही म्हणजे काय?" तो बिचारा कधीकधी खरंच काही नसतं म्हणून म्हणत असतो. सिस्टरनं माझं वाईट चिंतलं नाही, हे मला कळतं. तिनं मायेनंच केलं, हेही कळतं. कळून काही उपयोग होत नाही. शत्रूनं फसवलं तर माणूस शत्रूपासून जपून राहतो. मी मायेपासूनच जपून राहायला शिकले, आणि ते शिकवणारी तीच.

मुलगी आता धावते. धावते म्हणजे पडतेच जास्त. परवा जिन्यात पडली आणि भोकाड पसरलं. सिस्टर तळमजल्यावरून माझ्याआधी पोचली होती. तिला मांडीवर घेऊन बसली होती, चेहऱ्यावरचे केस बाजूला करत होती. गुडघ्याला हात लावण्याआधी तिनं आपले तळवे एकमेकांवर घासून गरम केले. मग बघितलं आणि म्हणाली, "काही झालेलं नाही हं बाळा. एकदम छान आहे." पोरगी लगेच गप्प झाली. तिचा पूर्ण विश्वास आहे.

मी दोन पायऱ्या खाली उतरले. सिस्टरनं वर बघितलं आणि ती अंग चोरून बाजूला सरकली, मला बसायला जागा करून दिली. मी बसले आणि गुडघा स्वतः बघितला.